माहेरची माणसं, सासरचा ऊस

माझं माहेर अंबाजोगाई तालुक्यात आणि सासर कराड तालुक्यात. मधे बार्शी, पंढरपूर आणि मग सगळा माणदेश. एसटीनं सकाळी निघालं की पोचेपर्यंत दिवेलागण होते. कुठल्याही घरी पोचले तरी पहिला चहा होईस्तोवर एक प्रश्न येतोच, "तिकडं कसंय?" माहेरचे लोक तो कुतूहलानं विचारतात. सासरी त्यात कणव असते. "तुमच्याकडं पाण्याचं लय अवघड," असं म्हणून सासूबाई हळहळतात, आणि त्यांची हळहळ खरी असते. तरी मला दर वेळी वाटतं की हे एवढ्यावर सोडून देण्यासारखं नाही. मराठवाडा मागास, पश्चिम महाराष्ट्र पुढारलेला, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. असं म्हणताना दोन मुलखांना शेजारी-शेजारी उभं करून मापं घेतली जातात, जसं काही त्यांचं एकमेकांशी देणं-घेणंच नाही. माझ्या दोन घरांचं मात्र फार जुनं देणं-घेणं आहे, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचं.

आधी पावसाचं सांगते, कारण सगळ्यांना तेच कारण वाटतं. कराड शहरात आणि अंबाजोगाईत वर्षाकाठी पडणाऱ्या पावसात लोक समजतात तेवढा फरक नाही. कराडही तसं घाटाच्या आडोशाचंच गाव. फरक आहे तो नदीचा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला उगवतात, सह्याद्रीवर कोसळलेलं पाणी घेऊन खाली येतात आणि कराडच्या प्रीतिसंगमावर भेटतात. वर कोयनेचं धरण, १०५ टीएमसीचं. म्हणजे सासरच्या शेतात जे पाणी येतं ते तिथं पडलेलं नसतं. ते दुसरीकडे पडतं, अडवलं जातं, आणि काठावर मोटारी बसवून, सहकारी उपसा योजना करून उचललं जातं. त्या धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांना घरंदारं सोडून कुठल्या कुठे जावं लागलं, हेही त्यातच आलं. आमचं अंबाजोगाई बसलंय बालाघाटाच्या माथ्यावर. माथ्यावरचं पाणी उतारानं जातं, थोडं इकडे, थोडं तिकडे. आमची मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि तिला पाणी देणारा सह्याद्री तिच्या मागे नाही. धनेगावला तिच्यावर धरण आहे. पाऊस चुकला की ते कोरडं पडतं, आणि ते कोरडं पडलं की केजपासून लातूरपर्यंत सगळ्यांच्या घशाला कोरड.

२०१६ साली तसंच झालं. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. टीव्हीवर ती गाडी दाखवत होते तेव्हा मी सासरच्या स्वयंपाकघरात उभी होते. मिरजेला भरलेलं पाणी कृष्णेचं. म्हणजे आमच्या दारावरून वाहत गेलेलं पाणी पुढे रेल्वेत बसून माझ्या माहेरच्या दिशेनं निघालं होतं. तेव्हा आईला फोन केला. ती म्हणाली, "लातूरला आलंय गं, आपल्याकडं नाही आलं. आपला टँकर परवा."

त्या उन्हाळ्यात माहेरी आंघोळ कशी व्हायची ते सांगते. बाजेवर बसायचं, बाजेखाली घमेलं ठेवायचं. अंगावरून ओघळलेलं पाणी घमेल्यात जमायचं, त्यात कपडे पहिल्यांदा भिजवायचे, आणि ते काळं झालेलं पाणी दारातल्या लिंबाला. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. टँकर कधी येणार हे कुणालाच धड माहीत नसायचं, म्हणून घरातलं एक माणूस कायम घरी. हे एक माणूस बहुतेक वेळा बाई असायची, नाही तर शाळेतली पोर. राहणीमानाच्या तक्त्यात 'पिण्याच्या पाण्याची सोय: आहे' अशी नोंद होत असेल, कारण टँकर येत होता. पण टँकरची वाट बघण्यात किती दुपारी गेल्या, कुणाची मजुरी बुडाली, कुणाची चाचणी परीक्षा चुकली, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही. आणि पाऊस आला तरी तो मोजून-मापून येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातलं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरवडून गेल्या. सासूबाई अजून भांडी घासताना नळ चालू ठेवतात. मी लांबच्या खोलीत असले तरी तो आवाज मला ऐकू येतो आणि मी उठते.

पाण्याइतकंच मोठं कारण इतिहासाचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ साली, कराड तालुक्यातल्याच काले या गावी. माझ्या आजेसासऱ्यांची पिढी त्या शाळांमधून शिकली. त्याच काळात आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण घ्यायचं तर हैदराबादेला जायचं, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकायचं ते उर्दूतून. अंबाजोगाईला योगेश्वरीची शाळा होती, स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस तिथं शिकवत होता, म्हणून आमच्या गावाला थोडा उजेड मिळाला. पण असं गाव तालुक्या-तालुक्यात नव्हतं. देश स्वतंत्र झाल्यावरही आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ ची वाट बघावी लागली, आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. रेल्वेचंही तेच. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला. तिथल्या काचेच्या कारखान्यात प्रभाकर कंदील बनायचे, आणि माझ्या आजोबांच्या घरी खुंटीला टांगलेला कंदील तोच होता! बीडला पहिली प्रवासी गाडी निघाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. माझ्या ओळखीतले कितीतरी म्हातारे ती गाडी येणार, येणार म्हणत गेले.

दसरा झाला की आमच्या बाजूची गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, ज्वारीचं पोतं, शेळी, कोंबड्या आणि लेकरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे तोडणीच्या हिशेबात एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमानं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच दिलेली असते, ती घराच्या पत्र्यांना, लग्नाला, दवाखान्याला कधीच खर्च झालेली असते, आणि आता ती ऊस तोडून फेडायची असते. लहानपणी वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर दिसायची नाहीत आणि उन्हाळ्यात परत यायची. कुठे जातात हे विचारलं की मोठी माणसं सांगायची, "कारखान्याला." कारखाना म्हणजे एक गाव असावं असं मला वाटायचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते गाव मी पाहिलं. ते आमच्या सासरच्या शेताच्या कडेला होतं.

फड तुटत होता. थंडी होती, उसावर दव होतं. ही माणसं पहाटे अंधारातच कोयता घेऊन उतरतात. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेली एक बाई मोळ्या बांधत होती. उसाचं पान हात कापतं, म्हणून तो शर्ट. कोयत्याच्या मुठीला तिनं चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि तरी तळहाताला चरे होतेच. मी तिला चहा द्यायला गेले होते. दोन वाक्यं बोलले आणि तिनं मान वर केली.

"ताई, तुम्ही आमच्याकडच्या दिसता."

"अंबाजोगाईची."

"आम्ही धारूरचे की!" ती मोळीवर बसली. कोयता बाजूला ठेवला. मग आम्ही बोललो. थोरली लेक आजीपाशी गावाकडं ठेवलेली, शाळा बुडू नये म्हणून. धाकटा बरोबर. तो पाचटावर फडकं टाकून झोपवला होता. यंदा उचल फिटेल का म्हणून मी विचारलं. "फिटली तर बरं. न्हाई तर पुढच्या साली बी हितंच यायचं." थोडं थांबून म्हणाली, "हितं पाण्याला मातर ददात न्हाई ताई. कॅनल भरून चालतोय." हे सांगणाऱ्या बाईची कोपी त्याच कॅनलच्या कडेला होती, काठ्यांवर ताडपत्री टाकून उभी केलेली. आत उभं राहता येत नव्हतं. संडास नव्हता, न्हाणी नव्हती. दिवे होते ते पलीकडच्या वस्तीवर. मुकादमाची हाक आली तशी ती उठली, मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढून गेली.

त्या दिवसापासून कुठल्याही जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाचलं की मला ती बाई आठवते. तिला कुठं मोजायचं? तिचं नाव बीड जिल्ह्याच्या मतदार यादीत आहे, रेशन कार्ड तिथलं आहे. तिची गरिबी बीडच्या खात्यावर पडते. पण वर्षाचे पाच-सहा महिने ती सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडात असते आणि तिच्या श्रमातून निघालेली साखर या जिल्ह्यांच्या खात्यावर जमा होते. तिचं बाळंतपण, तिचा ताप, तिच्या लेकरांची शाळा या सगळ्याचा खर्च माहेरच्या जिल्ह्यानं सोसायचा आणि तिचं बळ सासरच्या जिल्ह्यानं वापरायचं. तरी आपण विचारतो, बीड मागे का राहिलं?

बाईच्या शरीरावर हे सगळं कसं उतरतं ते २०१९ साली महाराष्ट्रापुढे आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, कित्येकींची चाळिशीच्या आत. कारणं एकात एक अडकलेली. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावर दुखणी काढायची, मग हंगाम संपल्यावर गावाकडच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात जायचं आणि तिथं सांगितलं जायचं की पिशवी काढून टाका, कटकट संपेल. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण भागासाठीच काढलेलं, आणि ते चांगलं काम करतं. माझं पहिलं बाळंतपण तिथं झालं आणि तिथल्या डॉक्टर-परिचारिकांचे माझ्यावर उपकार आहेत. पण धारूरच्या डोंगरातल्या बाईनं तिथं यायचं तर आजचा दिवस, उद्याचा रिपोर्ट, परवाची तारीख, आणि प्रत्येक वेळी सोबतीला एक माणूस. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा तिला खरोखर उपयोग झालाय. तिकीट अर्धं झालं, तरी बुडालेली मजुरी पूर्णच राहते.

सरकारनं प्रादेशिक असमतोलाचा हिशेब केलाच नाही असं नाही. वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ साली रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य असा एकेक विषय घेऊन अनुशेष, म्हणजे कुठला भाग किती मागे राहिला त्याचा आकडा, काढला. तो ३ हजार कोटींच्या वर निघाला. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, पण तिची चर्चा कमी होते. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक अनुशेष विदर्भ-मराठवाड्याच्या बाहेरचा, उरलेल्या महाराष्ट्रातला होता. कराडहून माहेरी जाताना मला तो खिडकीतून दिसतो. विटा सोडलं की उसाचा हिरवा रंग संपतो आणि आटपाडीकडे कुसळं सुरू होतात. दहिवडी, म्हसवड तर सातारा जिल्ह्यातच आहेत, आणि तिथला पाऊस आमच्या बालाघाटापेक्षाही कमी. 'सातारा जिल्हा सधन' म्हटलं की माण-खटावची माणसं त्या शब्दाखाली गाडली जातात. पुढे १९९४ मध्ये या असमतोलावर नजर ठेवायला वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये विजय केळकरांच्या समितीनं पाण्यावर भर देणारा मोठा अहवाल दिला. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आता अनुशेष हा शब्द अधिवेशनात ऐकू येतो तेवढाच.

पैशानं सगळं सुधारतं असंही मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. लाज वाटावी असा आकडा. पण सांगली आणि कोल्हापूरसारखे सुखवस्तू जिल्हेही नऊशेच्या खालीच होते. लेक नको म्हणण्यात माझं माहेर आणि सासर एका पंक्तीला बसतात.

आणि माहेरी सगळं वाळवंटच आहे, असं कुणी समजू नये. मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस असते. त्या दिवशी गाव रिकामं आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप करायची, पाच पांडव पुजायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली अंबील. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालायचं, तो आपल्या गावचा आहे की नाही हे न विचारता. कराडकडच्या माझ्या जावा एकदा आल्या होत्या, त्यांना ते इतकं आवडलं की परत कधी आहे म्हणून तिथी विचारून ठेवली. शाळू ज्वारीची भाकरी, तिचा तो गोडवा, मला सासरच्या गव्हाच्या पोळीत आजही मिळत नाही. जगण्याची प्रत मोजायची तर हे मोजलंच पाहिजे. फक्त येळवस ऐन हंगामात येते, आणि शेजारच्या काही घरांची माणसं त्या दिवशी दुसऱ्याच्या उसात असतात.

कुणी म्हणेल, मराठवाड्यातही ऊस लावतातच की. लावतात. २०१६ च्या टंचाईतही लातूरकडचे लोक त्यावरून बोलणी खात होते. पण आमच्या माणसानं तूर लावली तर तिचा भाव पेरताना माहीत नसतो. सोयाबीन लावलं तरी तेच. उसाला ठरलेला दर आहे, घ्यायला कारखाना आहे, गारपिटीत तो टिकतो. पाणी खाणारं पीक आहे हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. त्याला खात्री हवी असते, आणि खात्री असलेलं दुसरं पीक त्याच्यासमोर कुणी ठेवलेलं नाही. मी त्याला दोष द्यायला तयार नाही.

आता सासरच्या शिवारात हार्वेस्टर येऊ लागलेत. एका दिवसात पट्टेच्या पट्टे तोडतात, मुकादमाच्या मागे लागायला नको, उचल बुडण्याची भीती नको. दिरांना ते पटतंय. मलाही त्या बाईच्या डोक्यावरची मोळी उतरावीशी वाटते. पण मोळी उतरल्यावर ती करणार काय, याचा विचार यंत्र घेताना कुणी करत नाही. धारूरला तिच्यासाठी काम उभं राहिलेलं नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलंय. हा पैसा म्हणजे बीडवर केलेली मेहेरबानी आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या पाठीवर हे कारखाने उभे राहिले त्यांचं ते येणं आहे. त्यातून आधी मुलींची वसतिगृहं व्हावीत, म्हणजे थोरली लेक आजीच्या भरवशावर राहणार नाही. डोंगरात पाणी अडवलं जावं. फडावर फिरता दवाखाना असावा, तोही आत्ता, यंत्रं यायची ती येईस्तोवर.

आमच्या घरात कारखान्याचे दोन सभासद आहेत. वार्षिक सभेत साखरेचा उतारा, बिलाची तारीख, हार्वेस्टरचं अनुदान यावर बोलणी होतात. तोडणी कामगारांच्या कोप्यांना पाणी, संडास आणि दिवा कारखान्यानं द्यावा, हा विषय यंदा लेखी मांडायचा असं मी घरात म्हणाले. दिरांनी आधी कुरकुर केली, मग अर्जाचा मसुदा मलाच लिहायला सांगितला. तो लिहून झालाय. सासूबाईंनीही त्यावर सही करायची म्हणून चष्मा मागवलाय, कारण दोन सभासदांतल्या एक त्या आहेत.